गाजलेली एकतीस गाणी

मी इंजिनिअर झालो तो अपेक्षित प्रश्नसंचांच्या जिवावर. पुस्तक पहिल्या पानापासून वाचायचा मला कायमचा कंटाळा. महत्त्वाचं तेवढं काढून द्या, दोन दिवसांत पाठ करतो. त्यामुळे आमच्या शॉमबर्गजवळच्या एका जपानी दुकानात लेकीच्या लाडक्या गायिकेच्या गाजलेल्या गाण्यांचा अल्बम दिसला, तेव्हा मला हायसं वाटलं. दोन सीडी, एकतीस गाणी. लेकीचं अख्खं वेड एका डबीत मिळालं.

ही जपानी गायिका लेकीला आठवीपासून आवडायची. खोलीच्या भिंतीवर तिचे फोटो आणि दिवसभर तिचीच गाणी. मला त्यातलं ओ की ठो कळत नसे, आणि समजून घ्यायची इच्छाही नव्हती.

आता होती, कारण लेक दोन वर्षं माझ्याशी बोलत नव्हती. फार्मसीचं शिक्षण अर्ध्यात सोडून ती सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला मैत्रिणीकडे राहायला निघाली, तेव्हा मी म्हणालो होतो, "जा, आणि परत तोंड दाखवू नकोस." आमच्या घरी हे नेहमीचं बोलणं. माझे वडील महिन्यातून एकदा मला घराबाहेर काढायचे आणि जेवायच्या वेळी "कुठे उलथलाय तो" म्हणत माझ्यासाठी थांबून राहायचे. लेक इथे, परदेशात वाढलेली. तिनं माझं वाक्य खरं धरलं आणि पाळलं. दर रविवारी आईला तिचा फोन यायचा. मी शेजारच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी करून बसायचो.

"तू नुसतं सॉरी म्हण ना," बायको म्हणायची. "एका मिनिटाचं काम आहे."

मला ते जमेना. त्याऐवजी मी एकतीस गाणी पाठ केली. माझ्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर होता. ऑफिसला जाताना पहिली सीडी, येताना दुसरी. पहिल्या ओळी देवनागरीत लिहून काढल्या. जपानी शब्द आपल्या लिपीत छान बसतात, याचं मला उगाच कौतुक वाटलं. पहिल्या सीडीवरच्या सातव्या गाण्याला तर एकदा सिग्नलवर डोळे भरून आले. शब्दांचा अर्थ अजूनही माहीत नव्हता. मागच्यानं हॉर्न दिला म्हणून निघालो.

ऑफिसच्या कामानं सिअ‍ॅटलला जायचं ठरलं, तेव्हा बायकोनं लेकीला विचारलं. ती हो म्हणाली. लंच, एक तास.

बॉथेलच्या नूडल्सच्या दुकानात ती माझ्यासमोर बसली. केस कापले होते, जरा वाळली होती. मी तब्येत विचारली नाही, थेट गायिकेवर आलो. कुठलं गाणं कितवं, कुठे बासरी वाजते, सगळं सांगितलं. दोन ओळी म्हणूनही दाखवल्या. ती मधे एकदा हसली, तेव्हा वाटलं, जमलं.

"पहिल्या सीडीवरचं सातवं तुझं आवडतं ना?" मी विचारलं.

"बाबा, दीज आर द हिट्स. ही सगळ्यांनाच माहीत असतात." ती वाडग्यात चॉपस्टिक फिरवत होती. "माझं गाणं यात नाहीये. ते कधी हिट झालंच नाही. मी अकरावीत रोज लावायचे, आणि तू दार वाजवून बंद करायला लावायचास."

मला दार वाजवलेलं आठवत होतं. गाणं आठवेना. कुठलं ते विचारलं, तर म्हणाली, "इट्स ओके. आता मी ते ऐकत नाही."

मग बराच वेळ आम्ही खात राहिलो.

"तू एवढं सगळं केलंस," ती हळू आवाजात म्हणाली. तिला राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. "फोन का नाही केलास? मी वाट बघितली, बाबा. ऑलमोस्ट अ इयर. मग सवय झाली."

तिनं घड्याळ पाहिलं, कामावर परत जायचं होतं. उठून तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, ओळखीच्या कुणा काकांच्या खांद्यावर ठेवावा तसा. "टेक केअर," म्हणाली. बाहेर पाऊस होता. ती दारापाशी पोचली तेव्हा मी जागेवरून उठलो. सॉरी अगदी ओठांवर आलं होतं.

"जॅकेट घेतलंस ना?" मी म्हणालो.

तिनं घेतलं होतं.