झुलेखाचं मुरूड

कोकणीपुऱ्यातल्या रेहानाला कुणी आजोळ विचारलं, की ती "मुरूड" एवढंच म्हणायची आणि पुढचा प्रश्न येऊ नये अशा बेतानं शिलाई मशीनचं चाक फिरवायची. पुढचं तिला स्वतःलाच माहीत नव्हतं.

तिची आई झुलेखा पंधराव्या वर्षी लग्न होऊन नाशकात आली ती कायमची. बाप हसनमियाँ होड्यांच्या फटी बुजवायचं काम करायचा. लग्नानंतर वर्षभरात तो गेला. आई तर त्याआधीच गेलेली, भाऊ नव्हता. मग जायचं कुणाकडं? सासू तिला हसून म्हणायची, "ही आमची समुद्रातून वाहत आलेली." झुलेखाही हसायची. पण संध्याकाळी लेकीनं शिवलेल्या ब्लाउजांना हूक लावायला बसली, की तिचं तोंड सुरू व्हायचं.

"माझ्या मुरूडला गेलीस ना, तर आधी मशिदीच्या पायरीवर बस. समोर पाण्यात किल्ला दिसेल, हात लांबवला तर लागेल असा. मग होडीनं किल्ल्यात जा. दारातच पायरीवर कासव कोरलंय, त्याच्या पाठीवर हात ठेव. बाजूच्या भिंतीवर मारुती आहे. संध्याकाळी पुळणीवर ये. मासळीचा लिलाव असतो. बैलगाड्या पार पाण्यात शिरतात, चाकं बुडेपर्यंत. बैल जराही बुजत नाहीत."

"आणि खायचं काय?" रेहाना विचारायची.

"सांदण खा. नारळाच्या दुधातलं. आणि माझ्या आईच्या कबरीवर तांब्याभर पाणी घाल. विहिरीच्या अंगाला, उंडीच्या झाडाखाली आहे."

शहाण्णव साली झुलेखा गेली. तिचं बोलणं रेहानाला तोंडपाठ होतं, तरी मुलगी आफिया कॉलेजात गेल्यावर तिनं ते सगळं तिच्याकडून वहीत लिहून घेतलं. विसरायला होईल याची भीती नव्हती. आपण आईच्या बोलण्यात आपलंच काही मिसळून टाकू, याची होती.

रेहानाचा नवरा खाजा पिंपळगावच्या द्राक्षांचा टेम्पो चालवायचा. हंगाम सुरू झाला की घरी फक्त झोपायला यायचा. दोन हजार एक साली ईद डिसेंबरात आली आणि द्राक्षं अजून तयार नव्हती. ईदची गडबड संपल्यावर एका सकाळी तो म्हणाला, "चार दिवस गाडी उभीच हाय. चल, तुला मुरूड दाखवतो."

रेहानाला आधी ऐकूच आलं नाही. मग ती म्हणाली, "टेम्पोनं?"

"मग काय विमानानं? पुढं तिघं बसू."

कोकणातलं मुरूड म्हणजे जंजिऱ्याचं मुरूड, हे नाशकात शेंबडं पोरही सांगेल. शेजारणी तिथं सहलीला जाऊन आलेल्या. टीव्हीवर तो किल्ला दिसायचा. त्यामुळं कुणाला काही विचारायची गरजच वाटली नाही. कसारा घाट, पनवेल, अलिबाग करत तिघं संध्याकाळी मुरूडला पोचली. रेहानानं पहिल्यांदा समुद्र पाहिला तो टेम्पोच्या काचेतून, आणि तिला काहीच वाटलं नाही. आपल्याला रडू येईल असं ती वर्षानुवर्षं धरून चालली होती. आता डोळे कोरडेच राहिले, तशी ती मनातून घाबरली.

तिघं उतरली त्या घराची मालकीण वत्सलाबाई मोठ्या हौसेनं सांगत सुटली. "उद्या सकाळी राजपुरीला जाऊन जंजिरा बघा. परत येताना खोकरीच्या घुमटी. गारंबीचं धरण छान आहे. दत्ताच्या टेकडीवरून सगळं गाव दिसतं. नवाबाचा महाल बाहेरूनच बघायला मिळेल."

"आणि मासळीचा लिलाव? बैलगाड्या पाण्यात जातात तो?"

वत्सलाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. "बैलगाड्या? इथं कोळणी बाजारात बसतात. लिलाव म्हणाल तर... नाही बाई. निदान माझ्या आठवणीत तरी नाही."

"सांदण कुठं मिळेल?"

"ते घरी करतात हो. हॉटेलात सुरमई मिळेल."

तिघंही किनाऱ्यावर गेली. एका मशिदीच्या पायरीवर रेहाना बसली, पण समोर माडांची बाग होती. दुसऱ्या मशिदीपाशी घरं होती. पुळणीवर आल्यावर लांब पाण्यात एक काळा ठिपका दिसला. खाजानं वाटेतल्या माणसाला विचारलं, "तो जंजिरा ना?"

"तो पद्मदुर्ग. जंजिरा इथनं दिसत नाही. त्याला राजपुरीला जावं लागतं."

"म्हणजे किल्ले दोन?" रेहानानं विचारलं.

"दोन."

ती त्या ठिपक्याकडं बघत राहिली. हात लांबवला तर लागेल असा, आई म्हणाली होती. या ठिपक्याला तर डोळेसुद्धा पुरत नव्हते. आईला कुठला किल्ला दिसायचा? का पंधरा वर्षांच्या पोरीला सगळंच जवळ वाटत असेल? परतताना तिनं आफियाला वही उघडायला लावली, रस्त्यातच, आणि सगळं पुन्हा वाचून घेतलं. वहीत तेच होतं.

दुसऱ्या दिवशी राजपुरीला शिडाच्या होडीत पंधरा-वीस माणसं दाटीवाटीनं बसली. वारा शिडात भरला तशी होडी एका अंगावर कलली आणि रेहानानं खाजाचा दंड घट्ट धरला. किल्ला मोठा होत होत अंगावर आला, तरी त्याचं दार काही दिसेना. नुसता दगडी तट. अगदी जवळ गेल्यावर दोन बुरुजांमधून दार उघडलं. होडीतले सगळे "वा!" म्हणाले. रेहाना मात्र उतरल्या उतरल्या खाली वाकून पायऱ्या बघायला लागली.

पायरीवर काही नव्हतं. ओल आणि शेवाळ, बस. भिंतीवर एक चित्र कोरलेलं होतं, पण तो मारुती नव्हता. वाघासारखं काहीतरी जनावर होतं आणि त्यानं पंजात हत्ती दाबून धरले होते.

"अम्मी, चल ना, सगळे पुढं गेले," आफिया म्हणाली.

"कासव शोध."

"अगं, इथं कासव नाहीये."

"घासून गेलं असेल. हात फिरवून बघ."

आईला असं गुडघ्यावर बसलेलं बघून आफियाला कसंतरी झालं. ती हळूच म्हणाली, "नानीची चूक झाली असेल. किती लहान होती ती. नाहीतर आपल्याला गंमत म्हणून..."

"गंमत म्हणून कुणी आईची कबर सांगतं का?" रेहाना एवढ्या जोरात बोलली की चार माणसं वळून बघायला लागली.

मग ती आत फिरली. मोठ्या तोफा बघितल्या, गोड्या पाण्याचं तळं बघितलं, वाटाड्या सांगत होता ते कानावर घेतलं, पण आत काही जाईना. आई खोटं बोलत होती का? सासूनं वाहत आलेली म्हटलं, म्हणून बिचारीनं एक गाव मनानंच उभं केलं होतं का? आणि तसं असेल तर आपण इतकी वर्षं लोकांना आजोळ म्हणून काय सांगत आलो? तिला एका जागी उभंही राहवेना आणि चालवेना.

परतीच्या होडीत सुकाणू धरून एक म्हातारा बसला होता. खाजा त्याच्या शेजारी होता. गप्प बसवेना म्हणून त्यानं सहज विचारलं, "चाचा, ते कासव कुठं हाय हो? आमच्या सासूबाई सांगायच्या, पायरीवर कासव, भिंतीवर मारुती."

म्हाताऱ्यानं शिडावरची नजर काढली नाही. "कासव सुवर्णदुर्गाला. हर्णैला."

"नाय नाय, मुरूडचं म्हणतोय मी."

"मीपण मुरूडचंच म्हणतो. हर्णैच्या बाजूलाच मुरूड आहे. दापोलीकडचं. दोन मुरूड आहेत, भाऊ. लोकांची लय गफलत होते."

रेहानानं ते ऐकलं. "चाचा, तिथं बैलगाड्या पाण्यात जातात?"

"जातात ना. होड्या लांब थांबतात, मासळी गाड्यांनी आणतात. मोठा लिलाव असतो."

होडी धक्क्याला लागली, सगळे उतरले, तरी रेहाना बसूनच होती. रडू आलं ते आता. आनंदाचं की रागाचं, तिचं तिलाच कळेना. चाळीस वर्षं आई बोलत होती आणि कुठलं मुरूड, एवढं एकदाही कुणी विचारलं नव्हतं. तिनंही नव्हतं.

खाजानं धक्क्यावर उभं राहून मनातल्या मनात हिशेब लावला. परवा रात्रीपर्यंत टेम्पो पिंपळगावात हवा होता. तो म्हणाला, "आत्ता निघालो तर अंधाराला पोचू."

"आणि तेही नसलं तर?"

"तर तिसरं शोधू. बस गाडीत."

माणगाव, मंडणगड, दापोली असा वळणावळणाचा रस्ता. दिवस मावळल्यावर तिघं हर्णैत पोचली आणि मिळेल त्या खोलीत आडवी झाली. सकाळी गलबला ऐकून रेहाना एकटीच बाहेर आली. पुळणीवर माणसांची झुंबड होती. टोपल्या, आरडाओरडा, वर घारी. आणि पाण्यातून एक बैलगाडी येत होती. चाकं दिसत नव्हती. बैल पोटापर्यंत पाण्यात होते आणि शांतपणे चालत होते. मागं, हात लांबवला तर लागेल असा, किल्ला होता.

ती धावत खोलीवर गेली. "उठा, उठा, सगळं खरं आहे!"

त्या सकाळी तिघं होडीनं सुवर्णदुर्गाला गेली. दारात भिंतीवर मारुती होता. पायरीवर कासव होतं, ताटाएवढं. रेहानानं त्याच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा दगड उन्हानं कोमट झाला होता. आफियानं वहीत खूण केली, मग वही मिटून तीही आईशेजारी बसली. "मी नानीला खोटं ठरवलं," ती म्हणाली. रेहाना म्हणाली, "मीपण."

इथंवर सगळं सरळ झालं. घर शोधायला लागल्यावर पुन्हा गुंता झाला. होड्यांच्या फटी बुजवणारा हसनमियाँ म्हटल्यावर मोहल्ल्यातले लोक म्हणाले, कुठला हसन? त्या कामाचे तीन हसन होते. शेवटी सगळ्यांनी त्यांना हवाबीकडं पाठवलं. नव्वदीच्या घरातली बाई, ओटीवर कोळंबी सोलत बसलेली.

"कोनाची गो तू?"

"नाशकाला दिली होती, तिची लेक. हसनमियाँची नात."

म्हातारीनं हातातली कोळंबी बाजूला ठेवली. "नाशकाला? आमच्या सकिनाची लेक तू?" आणि तिनं रेहानाला ओढून छातीशी धरलं.

"खाला, माझ्या आईचं नाव झुलेखा," रेहाना म्हणाली.

"सकिना," हवाबी ठामपणे म्हणाली. "माझ्या चुलत्याची. नाशकाला एकच पोरगी दिलेली या मोहल्ल्यातनं."

"पण ती मुरूड म्हणायची. हे तर हर्णै."

"अगो, आमची वस्ती मधोमध. कोन हर्णै म्हनायचा, कोन मुरूड. माझा चुलता मुरूडच म्हनायचा."

खाजा मागून म्हणाला, "घरात एक नाव, निकाहाच्या कागदावर दुसरं, असं असतं की." असेलही. पण सांगणारं कुणी उरलं नव्हतं. हवाबीच्या आठवणीतली सकिना डावखुरी होती. झुलेखा हूक उजव्या हातानं लावायची. उलट हवाबी म्हणाली, सकिना हसताना तोंडावर पदर घ्यायची, तर झुलेखा अगदी तशीच हसायची. एक गोष्ट जुळली की दुसरी सुटायची.

घराच्या जागी जोत्याचे दगड होते. विहीर होती, पण उंडीची झाडं दोन होती, आणि दोन्हींखाली जुन्या कबरी. हवाबीला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ती म्हणाली, "यातली एक."

रेहानानं विहिरीवरून तांब्याभर पाणी आणलं. मग तिनं अर्धं पाणी एका कबरीवर घातलं, अर्धं दुसरीवर.

दुपारी हवाबीच्या सुनेनं सांदण केलं. निघताना म्हातारी म्हणाली, "आता दरसाल यायचं, सकिनाची लेक." रेहानानं तिला पुन्हा दुरुस्त केलं नाही.

त्यानंतर ती दर वर्षी गेली, ईदनंतर, कधी टेम्पोनं, कधी एसटीनं. दोन हजार पाचला हवाबी वारली, तेव्हा दापोलीहून फोन आला आणि मयताला पोचता आलं नाही म्हणून रेहाना दोन दिवस जेवली नाही. आफियाच्या लग्नात हर्णैहून अकरा माणसं आली. कोकणीपुऱ्यातल्या बायकांनी विचारलं, हे तुझे कोण? रेहाना म्हणाली, "आजोळचे." मग म्हणाली, "बहुतेक." आणि पाहुण्यांना चहा झाला का, ते बघायला उठली.