राईबाहेर काढलेली पायताणं

यांची बायपास झाल्यापासून माझा देवावर रुसवाच होता म्हणा ना. तळेगावच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलेली बाई मी. देव आहे की नाही, यापेक्षा तो असलाच तर काम कसं करतो, याचंच मला जास्त कुतूहल. ऑपरेशन चालू असताना बाहेर बाकावर बसून मी तेच विचारत होते. उत्तर काही आलं नाही.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी यांना थोडं हिंडायची परवानगी दिली. भुशी धरणावरची गर्दी झेपणार नव्हती, म्हणून श्रावणातल्या एका शनिवारी सकाळीच आम्ही लोणावळ्यापुढच्या जंगलातल्या धबधब्याच्या उद्यानात गेलो. फाटक नुकतंच उघडलं होतं, आत दुसरं कोणी नव्हतं. तिथली वाट देवराईतून जाते. राईच्या तोंडाशी दगड मांडलेत; तिथे पायताण काढायचं आणि पुढे अनवाणी जायचं, ही मावळातली जुनी रीत मला ठाऊक होती. पण बायपाससाठी यांच्या पायातली शीर काढलेली, पाऊल अजून बधिर. काटा रुतला तरी कळायचं नाही. देवी समजून घेईल, असं मीच परस्पर ठरवून टाकलं. यांचे बूट पायात राहिले आणि त्यांच्या जोडीला माझ्या चपलाही. माझ्या पायांना काय धाड भरली होती, ते विचारू नका.

राईतच, धबधब्याखाली ओढ्याच्या मधोमध एक सपाट खडक आहे. पाणी घोट्याएवढं, डोक्यावर कोवळं ऊन. हे खडकावर बसले आणि किती महिन्यांनी मनापासून हसले. मी शेवाळ न्याहाळत होते, तेवढ्यात काठावरून हाक आली. पलीकडच्या वाडीतल्या एक मावशी डोक्यावर रानभाजीची पाटी घेऊन उभ्या होत्या.

"बाई, देवीची राई हाय ही. पायताण भाईर काढून या, मग बसा की निवांत."

मी ऑपरेशनचं सगळं पुराण सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकलं, यांच्या तब्येतीची चौकशी केली आणि बिनकाट्याची वाट दाखवते म्हणाल्या. पण पायताण बाहेरच. इथेच काढून हातात धरतो म्हटलं, तेही चालेना. मला राग आला होता. पण हेच उठले. म्हणाले, त्यांची देवी, त्यांचा नियम, आपण पाहुणे.

दोनदा थांबत आम्ही तिघं राईबाहेर आलो. मी यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होते, तेव्हा धडधड ऐकू आली. आधी वाटलं घाटात मालगाडी चाललीय. मी चार झाडं आत जाऊन पाहिलं. ओढा मातीने लालभडक झाला होता आणि तो खडक कुठेच दिसत नव्हता. आमच्याकडे थेंबही पडला नव्हता. पाऊस वर पठारावर पडला असणार. परत येऊन मी यांना ते वर्गातल्यासारखं समजावून सांगू लागले. यांना घाईने दहा पावलं टाकता येत नाहीत. मी यांना सोडून पळाले नसते. दोघंही गेलो असतो.

मी मावशींना विचारलं, पाणी येणार हे तुम्हाला कळलं होतं का?

"न्हाई वं बाई. पानी कळलं असतं तर पायताणाचं कशाला बोलले असते? वरडलेच असते की."

पाण्याचं कारण मला सांगता येतं. त्या मावशी नेमक्या त्याच वेळी का आल्या, ते येत नाही. आपण कोणाला वाचवतोय हे त्यांनाही माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीची रीत पाळली, एवढंच. सगळं समजल्यावरच मान तुकवायची, या माझ्या हट्टाची मला लाज वाटली.

मावशींनी यांचा हात धरून आम्हाला अनवाणीच, बिनकाट्याच्या वाटेने चढावरच्या देवीपाशी नेलं. झाडाखाली शेंदूर लावलेला एक दगड, बस्स. मला रडू आवरेना. मी म्हटलं, आई, हे माझ्याशेजारी उभे आहेत. मला पुरे.