इंजिन गार होईपर्यंत

मुलगी नोकरीसाठी बंगळुरूला गेली आणि त्या दिवाळीनंतर मला घरात बसवेना. सत्तेचाळिसावं चालू होतं. सातपूरच्या कंपनीतून पाचला सुटले की स्कूटर घराकडे वळवायच्या ऐवजी गंगापूर धरणाच्या रस्त्याला लावायची. पाण्याजवळ जाऊन उभी राहायची आणि दोन मिनिटांत परत फिरायची. घरी आले की आवरलेलं कपाट पुन्हा आवरायला काढायची. नवरा बँकेत आहे, शांत माणूस. एकदा म्हणाला, "तुला नेमकं काय हवंय, ते तरी सांग." मला सांगता येईना, म्हणून मी त्याच्यावरच चिडले.

एका दुपारी डबा खाताना फोनवर जुन्या गाड्यांच्या जाहिराती बघत बसले होते. त्यात ती दिसली. ब्रिटिश कंपनीची ॲडव्हेंचर बाईक, तीन सिलिंडरची, उंच, हँडलला हातांवर वारा अडवणारे गार्ड. एकाच मालकाने वापरलेली. गाव कळवण. डबा तसाच राहिला.

मोटरसायकल मला नवी नव्हती. माझं माहेर मखमलाबादचं, फुलशेतीचं. वडिलांचा हात मोडला तेव्हा सोळाव्या वर्षीच मी त्यांची गाडी चालवायला शिकले आणि झेंडूची पोती मागे बांधून पहाटे फुलबाजारात नेऊ लागले. लग्न ठरलं आणि ते बंद झालं. कुणी नको म्हटलं नव्हतं. बंद झालं, एवढंच.

नवऱ्याला सांगितलं, "नुसती बघून येऊ."

"नुसती बघायला ऐंशी किलोमीटर?" तो म्हणाला, पण रविवारी त्यानेच कार काढली. वणी मागे पडलं, नांदुरी गेलं, आणि सबंध रस्ताभर मी पाय हलवत होते. शेवटी तो म्हणाला, "अगं, ब्रेक तुझ्याकडे नाही, माझ्याकडे आहे."

गाडीचा मालक चाळिशीचा होता. कांद्याचा व्यापार आणि थोडी शेती. गावाबाहेर घर, पुढे पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ती उभी. पुसून चकचकीत केलेली. तो थेट नवऱ्याकडे गेला.

"या भाऊ. बसून बघा. वजन लय हाय, पण एकदा चालली की कळत नाय."

"मला मोटरसायकल येत नाही," नवरा म्हणाला. "यांना घ्यायचीय."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पायांकडे. "ताई, सीट उंच हाय."

"बघते ना," म्हटलं आणि इंजिनाजवळ हात नेला. चटका बसेल इतकं गरम.

कंपनीतल्या मेंटेनन्सच्या माणसाने मला निघताना एकच गोष्ट बजावली होती. जुनी गाडी गार असतानाच सुरू करून बघायची. गरम इंजिन कसंही सुरू होतं, खोड कळते ती गार असताना.

"ही आत्ता चालवलीय," मी म्हणाले.

"तुम्ही येणार म्हणून सकाळी जरा फिरवून आणली."

"मग गार होईपर्यंत थांबते मी."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मालकाचा चेहरा जरा पडला. मला वाटलं, सापडला. पण तो म्हणाला, "थांबा की. मग जेवूनच जा."

दोघे पुरुष ओसरीवर कांद्याच्या भावावर बोलत बसले. मला बसवेना. मी शेडमध्ये जाऊन चेन बघितली, पुढच्या चाकाच्या फोर्कवर तेल पाझरतंय का ते बोट फिरवून पाहिलं, टायर दाबून बघितले. सगळं ठीक होतं. ठीक असल्याचाच मला राग येत होता. काही खोट निघाली असती तर परत जायला बरं पडलं असतं.

मालकाच्या बायकोने आत बोलावलं. ती नागलीच्या भाकरी थापत होती. माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी लहान असेल. पाट सरकवून दिला आणि तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "ताई, गाडीत काय खोट नाय. तुम्ही उगं शोधत बसू नका."

"मग विकताय कशाला?"

"मीच सांगितलं इका म्हणून." तिने भाकरी उलटली. "एकदा ते हिमाचलला जाऊन आले. एकवीस दिवस. आले ते आलेच नाय. म्हंजे घरात असतात, पण नसतात. उजाडायच्या आधी गाडी काढायची, घाटापर्यंत जायचं, परत यायचं. विचारलं तर म्हणतात, कुठं नाय, सहज. आज सकाळीबी तेच. तुमच्यासाठी काय गरम केली नाय त्यांनी."

धरणाच्या रस्त्यावर नवऱ्याचा फोन आला की मीही 'सहज' हाच शब्द वापरत होते.

"आणि तुम्ही?" तिने विचारलं. "तुम्हाला कशाला पायजे?"

काहीतरी बोलायचं म्हणून मी फुलबाजाराचं सांगितलं, वडिलांच्या गाडीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ते झालं तव्हाचं. मी आत्ताचं इचारलं."

भाकरी गरम होती, ती खाण्याचं निमित्त मिळालं.

दोन तासांनी इंजिनावर तळहात टेकला. गार. मालकाने किल्ली माझ्या हातात दिली. बटण दाबलं आणि गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. तीन सिलिंडरचा आवाज मी फोनवर पुष्कळदा ऐकला होता, पण तो मांड्यांमधून पोटात कसा चढतो हे फोनमध्ये कळत नाही. दोन्ही पायांचे फक्त चवडे जमिनीला लागत होते. मी गिअर टाकला आणि निघाले.

डांबरी रस्त्याला लागले तेव्हा हसू येत होतं, एकटीलाच. अभोण्याच्या दिशेने तीन-चार किलोमीटर गेले. दोन्ही बाजूंना कांद्याची रोपं, पुढे डोंगर, आणि मनात एकच: असंच पुढे जावं, सुरगाण्यापर्यंत, त्याच्याही पुढे. परत वळायला मला हाताला धरून ओढावं लागलं स्वतःलाच.

घराच्या तोंडाशी उतारावर वळताना पाय टेकायला गेले आणि खाली जमीनच नव्हती, चर होता. गाडी आडवी झाली. मी बाजूला पडले. नवरा ओरडत धावला. तो गाडीला हात घालणार, तेवढ्यात मालकाने त्याला अडवलं.

"लागलं का ताई?"

"नाही."

"मग तुम्हीच उचला. पाठ लावा गाडीला. एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला. गुडघे वाकवा आणि मागं चालत या."

"अहो, दोनशे किलोची आहे ती," नवरा म्हणाला.

"पेठच्या घाटात पडली तर तुम्ही तिथं असणार का भाऊ?"

पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा गाडी हलली आणि परत बसली. तिसऱ्यांदा ती उभी राहिली. क्लचचा लिव्हर वाकला होता. मालकाने त्यावरून अंगठा फिरवला, जसा लेकराच्या खरचटलेल्या ढोपरावरून फिरवतात.

"आता तुमचीच झाली," तो म्हणाला. भावाची घासाघीस करायची ठरवून गेले होते, ती माझ्याच्याने झाली नाही. त्याने मात्र लिव्हरपोटी काही घेतलं नाही, उलट सीट एक खाच खाली बसवून दिली. निघताना त्याची बायको दारात आली होती. तो आला नाही. शेडमध्ये पाठमोरा उभा राहून काहीतरी हलवत होता.

कागदपत्रं व्हायला तीन आठवडे गेले. त्या दिवसांत मी घरी असह्य होते, हे नवराच सांगतो. गाडी आणायला पुन्हा दोघे गेलो. येताना तो कारने मागे, मी पुढे. वणीला चहाला थांबायचं ठरलं होतं. मी थांबले नाही. विसरले म्हणाले नंतर, पण विसरले नव्हते. दिंडोरीही मागे टाकली आणि तेव्हा कुठे भानावर येऊन रस्त्याच्या कडेला उभी राहिले.

अर्ध्या तासाने तो आला. वणीला चहा मागवून वाट बघत बसला होता. काच खाली केली, इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "सांगून जात जा. जा, पण सांगून."

"हो," मी म्हणाले. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं.

याला आता दोन वर्षं झाली. हरसूलच्या घाटाने जाते, साक्रीपर्यंत जाऊन येते, एकदा एकटीने हंपी केली. गाडी तीन वेळा पडली, तिन्ही वेळा मी उचलली. आतली ती चुळबुळ थांबेल अशी आशा होती, ती काही थांबलेली नाही. लांबून परतले की दोन दिवस बरे जातात. तिसऱ्या दिवशी कंपनीत जेवताना डबा उघडा राहतो आणि बोट फोनवरच्या नकाशावर पुन्हा फिरू लागतं. मग मी नवऱ्याला फोन लावते आणि कुठे जायचं मनात आहे ते सांगते. कधी तो हसतो, कधी नुसतं किती दिवस ते विचारतो. परवा त्याने विचारलं, "माझ्यासाठी हेल्मेट घ्यायचं असेल तर कुठल्या मापाचं?" अजून घेतलेलं नाही.