साबुदाणा भिजवणारे चाचा

जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाआधीचं बयान, प्रवचनच ते, मराठीत करणारा माणूस आमच्या औशात मी एकच पाहिला. ते आमचे मास्तरचाचा. जिल्हा परिषद शाळेतून रिटायर झालेले, मला चौथीला होते. म्हातारी मंडळी कुरकुरायची, "उर्दूत बोला की." चाचा भडकायचे. "पोरांना समजते मराठी. मग अल्लाचं म्हणणं काय जपानीत सांगू?"

त्या पोरांना घेऊनच त्यांनी सगळं उभं केलं. हुंड्याशिवाय निकाह, रक्तदान, आणि शेजाऱ्यांसाठी मशिदीचं दार उघडं ठेवायचा एक दिवस. पहिल्या वर्षी तो दिवस त्यांनी शाळेच्या कॅलेंडरात सुट्टी बघून ठरवला. मोठ्या पातेल्यात व्हेज पुलाव, मसालासुद्धा नव्या डब्यातला. आम्ही शेजारचे हिंदू सगळे आत जाऊन बसलो, ताटं आली आणि कुणी हातच लावेना. चाचांचा चेहरा पडला. शेवटी माझी आई म्हणाली, "मास्तर, आज आषाढी एकादशी हाय की हो!"

"या खुदा! सुट्टी दिसली, उपास दिसला न्हाई!" चाचांनी कपाळावर हात मारला. अख्खी मशीद हसली. पुढच्या वर्षीही त्यांनी हट्टानं एकादशीच धरली, आणि साबुदाणा किती भिजवायचा ते आईला आदल्या दिवशीच विचारून गेले. मग दरवर्षी आमचा उपास मशिदीतल्या खिचडीवर.

मग एका वर्षी कुणीतरी मोबाईलवर त्या पंगतीचा व्हिडिओ फिरवला. आमच्यातले म्हणाले, बाटवायला बसलाय. त्यांच्यातले म्हणाले, म्हाताऱ्यानं दीन-धर्म विकला. मेल्यांनो, खिचडी होती ती! बाजार बंद झाला, पोलीस आले, आणि चाचांची पोरं एकेक करत यायची थांबली. पुढच्या आषाढीला मशिदीच्या कमिटीनं दाराला कुलूप घातलं. चाचा पातेलं घेऊन बाहेर पायरीवर बसलेले. मी आणि आई, दोघंच गेलो.

"ताई, तुम्ही तरी खा," ते म्हणाले. आईनं तिथंच पायरीवर बसून घास घेतला.

नंतर मुलगी त्यांना देगलूरला घेऊन गेली. तिथं ते कुणाशी फारसं बोलत नाहीत म्हणे. परवा त्यांचा फोन आला.

"एकादशी कधी हाय रे?"

"उद्याच, चाचा."

"मग साबुदाणा भिजवायला सांगतो."

"तिथं कोण येणारंय खायला?"



"कुणी न्हाई," चाचा म्हणाले. "पण भिजू दे."