घट्ट माप

परंड्यात नुसता हात बघून बांगडीचं माप सांगणारी एकच बाई आहे, फातिमाबी मणियार. तुम्ही दुकानाच्या पायरीवर पाय ठेवलात की ती म्हणणार, "दोन-सहा." आणि भरताना मात्र एक माप लहान, दोन-चारच काढणार. यात तिची मिजास आहे. हाताला साबणाचं पाणी लावायचं, डाव्या हातानं अंगठ्याचं मूळ दाबून पंजा निमुळता करायचा, उजव्यानं बांगडी सरकवायची. पोरी बोंबलतात, पण चुडा गच्च बसतो. पंचवीस वर्षांपूर्वी माझा चुडा तिनंच भरला. मी रडले, तेव्हा आई म्हणाली, सासरी जायचं म्हणून रडतेय. खरं कारण फातिमाबीला आणि मला ठाऊक होतं.

बावन्नाव्या वर्षी तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली. बार्शीला ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या, मग केमो, मग लाइट. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे लाइटच म्हणतात. वर्षभरात बाई पुन्हा दुकानात येऊन बसली. हॉस्पिटलातून निघताना तिला एक कागद दिला होता, त्या बाजूच्या हाताला सूज आली तर लगेच दाखवा असा. तो कागद तिनं बांगड्यांच्या खोक्यात तळाला अंथरला. कॅन्सर गेला, आता कागद कशाला!

दीड वर्षानं तिच्या डाव्या हातातल्या बांगड्या वाजेनाशा झाल्या. मी शेजारीच राहते, शाळेत शिकवायला जाता-येता माझ्या लक्षात आलं. हात कोपरापर्यंत भरल्यासारखा दिसत होता. संध्याकाळी जड व्हायचा. मी म्हटलं, दाखवून ये. ती म्हणाली, "वजन वाढलंय बाई, दुसरं काय."

"मग अम्मी, दोन-सहा घाला की," तिची सून तरन्नुम म्हणाली.

"मेरा माप दोन-चार है."

साऱ्या तालुक्याचं माप काढणाऱ्या बाईला स्वतःचं माप बदललेलं चालेना. तिचं गणित असं, की घट्ट बांगडी असली की हात वाढायचा नाही. म्हणून तिनं साबण लावून आणखी चार बांगड्या त्याच हातात कोंबल्या. रात्री मिठाचा गरम शेक, सकाळी तरन्नुमकडून तेल लावून जोरात चोळणं. अडाणीपणा म्हणावा तर बाई अडाणी नाही. हातांतलं आपल्याला सगळं कळतं, या भरवशानं तिचा घात केला.

माघात एक बांगडी कोंबताना पिचली आणि काच मनगटात घुसली. चीर नखाएवढी. दुसऱ्या दिवशी दुपारी ती थंडीनं कुडकुडत होती, हात लालभडक, तव्यासारखा तापलेला. इथल्या डॉक्टरांनी बघितलं आणि सांगितलं, आताच्या आता बार्शीला न्या, आणि आधी त्या बांगड्या काढा.

त्या निघेनात. तेव्हा जलीलभाईंनी, तिच्या नवऱ्यानं, बांगडीखाली रुमालाची घडी सारली आणि पकडीनं एकेक बांगडी वाढवली. आमच्याकडे बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. बाईच्या बांगड्या कधी फोडतात, ते सगळ्यांना माहीत आहे. अकरा होत्या. फातिमाबी तोंड फिरवून रडत होती. जलीलभाई म्हणाले, "अगं, मी जिता हाय. बघ माझ्याकडं." त्यांचेही डोळे वाहत होते. मला तिथं उभं राहवेना, आणि हलताही येईना.

चार दिवस सलाइनमधून औषधं गेली. ताप उतरल्यावर फिजिओथेरपीच्या मॅडमनी तिला नीट समजावलं. काखेतल्या गाठी म्हणजे अंगातलं पाणी पुढं नेणारे पाट. काही काढले, काही लाइटनं आखडले. पाणी तुंबलं म्हणजे हात सुजतो. असल्या हातात साधी चीरही चिघळते. हा आजार मुळासकट जात नाही, पण ताब्यात राहतो. उशीर झालाय, पण फार नाही.

मग उपचार सुरू झाले. मॅडम आधी मान आणि दुसरी काख हलक्या हातानं मोकळी करायच्या, मग सुजलेल्या हातावरून खांद्याकडं नुसती कातडी सरकेल इतका हलका हात फिरवायच्या. फातिमाबीला हसू यायचं. "एवढ्यानं काय व्हतंय? मांजराला गोंजारल्यासारखं!" त्यावर पट्ट्यांचे थर, आणि पट्ट्या बांधलेल्या हातानंच व्यायाम. तीन आठवडे रोज परंडा-बार्शी एसटी. टेपनं माप घेतलं तेव्हा पंजाच्या वर तीन सेंटिमीटर उतार होता. मग दिवसभर घालायची मापाची घट्ट बाही मिळाली; बांगडीसारखी एका जागी न आवळता ती सबंध हाताला दाबून धरते. कातडी कोरडी पडू द्यायची नाही, त्या हातात सुई नाही, बीपीचा पट्टा नाही.

"आन् बांगड्या?" तिनं विचारलं.

"या हातात नकोत. पण काम सोडू नका. हातमोजा घाला, आणि बांगडी जोर लावून भरू नका."

नेमकं इथंच तिचं घोडं अडलं. मोकळ्या मनगटाच्या बाईकडून लग्नाचा चुडा कोण भरून घेणार? नवरा जिवंत असला तरी बघणाऱ्याला मनगटच दिसतं. दोन गिऱ्हाइकं तिचा हात बघून पुढच्या दुकानात गेली. त्यांना चार शब्द सुनवावेत असं माझ्या फार मनात होतं. फातिमाबी आतल्या खोलीत बसायला लागली. गल्ल्यापुढं तरन्नुम, धातूच्या तयार बांगड्या विकायला.

चैत्रात सारजाबाईंच्या नातीचं, शिवांजलीचं लग्न निघालं. त्या घरातले चुडे तीन पिढ्या मणियारांनी भरलेले. फातिमाबीनं निरोप धाडला, की सून येईल. दुसऱ्या दिवशी सारजाबाई स्वतः दुकानात हजर. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत.

"तू का येत न्हाईस गं?"

फातिमाबीनं बाही घातलेला हात पुढं केला. "काकी, मनगट मोकळं हाय. शुभाच्या कामाला कशी येऊ?"

म्हातारीनं आपली दोन्ही मनगटं तिच्या नाकापुढं धरली. वीस वर्षांपूर्वी नवरा गेल्यापासून त्यात काही नव्हतं. "ही बघ. आई मेलेल्या पोरीला ह्याच हातांनी वाढीवलं. ती आजारली न्हाई, नापास झाली न्हाई. मुकाट्यानं ये."

फातिमाबी गेली. मीही गेले, मला राहवतंय होय! अंगणात सतरंजी, हळद-कुंकू वाहिलेली टोपली, भोवती पन्नास बाया. फातिमाबीच्या डाव्या हातात बाही आणि हातमोजा, उजव्या हातात हिरव्या बांगड्या. नजरा बाहीवर होत्या आणि तिला ते कळत होतं. तिनं शिवांजलीचा पंजा हातात घेतला.

"मावशी, दोन-चारच भरा हां," शिवांजली म्हणाली. "गच्च बसायला पायजे. मी रडत न्हाई."

मी म्हटलं, आता साबण निघणार. फातिमाबीनं आधी त्या पंजाकडं, मग आपल्या बाहीकडं बघितलं. मग तिनं दोन-चारचा जोड टोपलीत खाली ठेवला, दोन-सहाचा उचलला आणि अंगठ्याचं मूळ अगदी हलकेच दाबलं. पहिली बांगडी न अडखळता मनगटावर गेली.

"ढिल्या व्हतील की, मावशी!"

"होऊ दे," फातिमाबी म्हणाली. "हातापरीस बांगडी मोठी न्हाई, पोरी."

आणि तिनं दुसरी बांगडी उचलली.