झेंडूवर शिंपडलेलं पाणी

आज कॉलेजच्या कँटीनमागे कुणीतरी लसूण-मिरची वाटत होतं. त्या वासानं मला सीवूड्सच्या एका सोसायटीची बाग आठवली. माझे वडील, अण्णा, तिथे माळी होते. तळमजल्यावरच्या रियाचा ससा झेंडूच्या कळ्या खायचा, म्हणून अण्णा झाडांवर लसूण-मिरचीचं पाणी शिंपडायचे. वाटण मीच करून द्यायचे.

एका संध्याकाळी ससा मलूल पडला. रियाची आई सगळ्यांसमोर ओरडली, "काय विष टाकलंत, मामा?"

"विष न्हाय ताई, लसूण-मिरची हाय," म्हणत अण्णांनी झेंडूचं पान तोडलं आणि चावून गिळलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी रियाशेजारीच उभी होते. 'ते मीच वाटलंय' एवढंच सांगायचं होतं. पण मग रिया मला घरी बोलावणार नाही, असं वाटलं. मी सशाकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी ससा पुन्हा झेंडूत शिरला होता. अण्णांची माफी मात्र कुणी मागितली नाही.

ससा मलूल पडला त्या संध्याकाळी घरी जाताना अण्णा एवढंच बोलले होते, "गप्प राहिलीस ते बरं केलंस. मैत्रीण हाय तुजी." तेव्हा मला हायसं वाटलं होतं. आता वाटतं, पान चावताना ते माझ्याकडेच बघत होते. मी काही बोलेन म्हणून, कदाचित.