ट्रेसरचा रुमाल

आमच्या साइट ऑफिसात फाइली हरवायच्या, पण किस्सा कधी हरवला नाही. एक सांगायला घ्यावा तर त्याच्या मागून दोन उठून उभे राहतात. परवा तुमच्यापैकीच कोणीतरी म्हणालं ना, की हल्लीची मुलं-मुली लग्नाआधी काय नटतात! अगं, तुम्ही आमचं ऑफिस बघितलं नाहीत म्हणून असं बोलता.

साठ सालानंतरची गोष्ट. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं आणि बोईसरला आमच्या कॉन्ट्रॅक्टरचं पत्र्याचं ऑफिस होतं. मी तिथे टायपिस्ट. पालघरला दादा-वहिनीकडे राहायचे आणि सकाळच्या शटल गाडीनं यायचे. स्वभाव मुळातच संशयी! वहिनी म्हणायची, "वन्सं, तुम्हाला उद्या देव जरी प्रसन्न झाला, तरी आधी विचाराल, काय काम काढलंत?"

तर दिवाळी झाली आणि बोर्डावर नोटीस लागली. टाइप मीच केली होती. फॅमिली क्वार्टर बांधणार, आणि ज्यांचं लग्न झालंय किंवा येत्या वैशाखापर्यंत होईल त्यांनीच अर्ज करायचे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि घरात नळ! आमचे बॅचलर लोक तेव्हा एकेका पत्र्याच्या खोलीत सहा-सहा जण झोपत होते आणि अंघोळीला विहिरीवर रांग लावत होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात शिरले, तर पावडरीचा घमघमाट! मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. हे प्रेम नव्हे, हा नळ आहे.

* * *

सगळ्यात जोर होता नाना भागवतांचा. नाना म्हणजे आमचे टाइमकीपर. मजुरांची हजेरी घ्यायला दिवसभर उन्हातान्हात साइटवर फिरायचे. त्यांनी पावडर लावायला सुरुवात केली ती तोंडापुरती नाही, पार गळ्यापासून कानामागपर्यंत. डबाच उपडा करायचे म्हणा ना!

आता साइटवर सिमेंटच्या गोण्या फुटत होत्या. वर घाम, त्यात पावडर, त्यावर सिमेंट. दुपारी नाना ऑफिसात आले ते मान ताठ ठेवून. मला वाटलं, पगार वाढला की काय!

आमची टेलिफोन ऑपरेटर सुमन त्यांच्याकडे बघून म्हणाली, "नाना, मान वलवू नका हां. अजून ओलं हाय, तडा जाईल!"

नानांनी त्या दिवशी हजेरीपट भरला तोही मान न हलवता.

* * *

मग नानांनी मुंबईहून चिंचोळी पँट शिवून आणली. तेव्हा तीच फॅशन होती. पाय आत जायचा तो कसाबसा, पण खाली बसायची सोय शिंप्यानं ठेवलीच नव्हती. पहिल्याच दिवशी नानांनी खुर्चीकडे एकदा बघितलं आणि ते उभेच राहिले. जेवले उभ्यानं, चहा उभ्यानं, हजेरीचा हिशेबसुद्धा खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभ्यानं.

चौथ्या दिवशी साहेब राउंडला आले. त्यांनी सगळ्या ऑफिसाला थांबवलं आणि म्हणाले, "बघा या भागवतकडे! चार दिवसांत एकदाही मी त्याला बसलेलं पाहिलं नाही. याला म्हणतात निष्ठा!"

साहेबांनी शाबासकी म्हणून पाठीवर थाप मारली. नाना दचकून वाकले आणि सगळ्या ऑफिसानं तो आवाज ऐकला. त्यानंतर नाना घरी गेले ते पाठ भिंतीकडे ठेवून, खेकड्यासारखे.

* * *

आता म्हणाल, बायकांनी काय केलं? सांगते. लपवायचं कशाला?

सुमन जवळच्याच दांडी गावची, कोळ्यांच्या घरातली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. बोलायला तिखट. केस मात्र बिचारीचे चार बोटं. तिनं गंगावन घालून असा काही जाडजूड शेपटा सोडला, की नाना रोज फोन करायच्या निमित्तानं तिच्या टेबलाशी. एकदा घाईत ती कानाला लावलेलं यंत्र काढायला गेली, तर यंत्राच्या तारेत गुंतून शेपटाच हातात आला!  नाना आ वासून उभे.

सुमननं शेपटा टेबलावर ठेवला आणि नानांना विचारलं, "काय बघता? तुमची मान धुतली का तुमी आज?"

मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, या दोघांचं जमणार.

* * *

आणि माझं? मला शाळेपासून जाड भिंगांचा चष्मा. आत्या म्हणायची, चष्मेवाल्या मुलीकडे स्थळं वळून बघत नाहीत. मला आमचा एक ट्रेसर, म्हणजे नकाशे गिरवणारा, आवडायचा. मोहिते. कऱ्हाडचा, अबोल, अक्षर मात्र मोत्यासारखं. झालं, सांगून टाकलं!

तो टायपिंगचे कागद घेऊन आला, की मी पटकन चष्मा काढून ड्रॉवरमध्ये टाकायचे. त्याला मी कशी दिसायचे देव जाणे, मला मात्र तो अजिबात दिसायचा नाही. एकदा दारात पांढरा शर्ट आलेला जाणवला. मी मान तिरपी केली, गोड हसले आणि म्हटलं, "या ना. उभे का? बसा ना."

पांढरा शर्ट जवळ येऊन घाबऱ्या आवाजात म्हणाला, "कुसुमताई, बरं वाटत नाही का तुम्हाला?"

आमचे हेडक्लार्क बाबूराव होते! पुढे आठ दिवस ते माझ्या टेबलाशी आले की चार हात लांब उभे राहायचे.

मोहित्याचाही मला संशय यायचा. ट्रेसरची बोटं कशी, कायम शाईनं काळी. पण नोटीस लागल्यापासून याची बोटं लख्ख! कोणासाठी? नाना त्याच्याच खोलीत राहायचे. ते वैतागून सांगायचे, "रोज अर्धं लिंबू बोटांना चोळतो हो! आमच्या आमटीत पिळायला लिंबू उरत नाही."

* * *

पौषात सुमननं सगळ्यांना एका रविवारी दांडीला बोलावलं. किनाऱ्यावर तिच्या आईनं बोंबील वाळत घातले होते. नाना अंगावर अत्तराची अख्खी बाटली ओतून आले होते. वाळणाऱ्या बोंबलांजवळ उभे राहून सुमनशी बोलायला लागले, तशी तिची आई ओरडली, "ओ दादा! जरा लांब उभे राव्हा. आमच्या बोंबलांना तुमचा वास लागंल. कोन घेनार नाय मग!"

सगळे हसत होते, तेवढ्यात मोहिते माझ्याशेजारी आला. चष्मा माझ्या पर्समध्ये. म्हणाला, "मिस राऊत, तुमच्या दादांना भेटायला येऊ का? म्हणजे, वैशाखात..."

मनातून हवंच होतं, ते खोटं कशाला सांगू? पण जीभ कुठली गप्प बसायला! "वैशाखातच का? क्वार्टरच्या अर्जाची मुदत संपते म्हणून?"

तो एवढासा झाला. पायाच्या अंगठ्यानं वाळूत रेघा ओढायला लागला, तेवढं चष्म्याविनाही कळलं.

"क्वार्टर नसता, तर विचारलं असतंत?" मी म्हटलं. "या नळापायी इथे सगळेच प्रेमात पडलेत. क्वार्टर नसता, तर मी विश्वास ठेवला असता."

"नसता, तर?" त्यानं एवढंच विचारलं.

"तर ठेवला असता."

घरी येऊन वहिनीला सांगितलं तर तिनं कपाळावर हात मारला.

* * *

आता रुमालांचं सांगायला हवं. तेव्हा नकाशे काढायचे ते खळ दिलेल्या तलम सुती कापडावर. ते ट्रेसिंगचं कापड. नकाशा रद्द झाला, की आमचे ट्रेसर ती शीट सोड्याच्या गरम पाण्यात उकळायचे. खळ जायची, शाई जायची आणि असं मऊसूत कापड उरायचं, की दुकानात मिळणार नाही! त्याचे रुमाल करायचे. आमच्या ऑफिसात कोणाचं कोणावर मन बसलंय हे रुमालावरून कळायचं. त्यानं रुमाल द्यायचा, तिनं काठाला दोऱ्याची वेल घालायची.

नानांनी मोहित्याकडून एक रद्द शीट मागून घेतली आणि स्वतः धुतली. धुतली कसली, नुसती बुचकळली! सुमनला दिलेल्या रुमालावर गटाराच्या लाइनी दिसत होत्या. ती म्हणाली, "नाना, ह्यानं नाक पुसू का ह्यात पानी सोडू?" पण वेल तिनं घातली हो!

आणि मग दांडीहून आल्यावर आठवड्याभरात फॅमिली क्वार्टरचीच शीट गायब झाली. अस्सल शीट! अजून तिची एकही प्रिंट काढलेली नव्हती. चालू शीटचं कपाट आणि रद्द शीटचा डबा शेजारी-शेजारी होते, त्यामुळे काय झालं असणार ते सगळ्यांनी ओळखलं. कोणीतरी क्वार्टर उकळले होते!

मुंबईहून हुकूम आला, आता सगळं नव्यानं, पावसाळ्यानंतर. वैशाखाचे अर्ज रद्द. साहेब लालबुंद. म्हणाले, "ज्यानं शीट धुतली, तो सापडला की त्याच दिवशी घरी जाईल!"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पावडरीचा वास नाही. नाना जुन्या ढगळ पँटमध्ये, खुर्चीत बसलेले. मी सगळ्यांची तोंडं बघत होते आणि मनात म्हणत होते, बघ कुसुम, नळ बंद झाला.

फक्त मोहित्याची बोटं तशीच लख्ख होती. त्यानं माझ्या टेबलावर एक घडी ठेवली. रुमाल. म्हणाला, "आता क्वार्टर नाही. दादांना भेटायला येऊ?"

चष्मा ड्रॉवरमध्ये. मी मान हलवली आणि रुमाल कमरेला खोचला. घरी जाईपर्यंत काढून बघायचाही धीर झाला नाही, आणि घरी तर वहिनी समोर.

* * *

सोमवारी बाबूरावांच्या डोक्यात किडा शिरला. ऑफिसातले सगळे रुमाल मागवा, उजेडात धरा, कुठेतरी रेघ सापडेल! साहेब खुर्ची टाकून बसले. बाबूरावांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही चष्मा लावा आणि खिडकीशी उभ्या राहा. तुम्ही सांगाल ते खरं."

मी चष्मा लावला. नानांचा रुमाल बघितला, कोरा. सुमनचा बघितला, गटार. साहेब म्हणाले, ते गटार जुनं, रद्द झालेलं, पुढे चला. असे सात-आठ झाले.

"आणि तुमचा?" बाबूरावांनी विचारलं.

मी कमरेचा रुमाल काढला आणि उजेडात धरला. दोन खोल्या. दारं, खिडक्या. स्वयंपाकघर. मोरीच्या कोपऱ्यात एवढासा गोल. नळ! आणि खाली पुसट, पण मोत्यासारखं अक्षर.

मी वर बघितलं. मोहिते दारात उभा होता. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला चष्म्यातून नीट बघितलं. रंग उडालेला, ओठ कोरडे. कऱ्हाडला त्याची आई आणि दोन बहिणी त्याच्या नोकरीवर होत्या. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता, तर तो संध्याकाळच्या गाडीत बसला असता.  आणि मी अशी मेली, की तेव्हाही मनात तोच किडा. चुकून धुतली, की मुद्दाम?

"काय दिसतं, कुसुमताई?" बाबूराव म्हणाले.

मी चष्मा काढला. त्याच रुमालानं भिंगं पुसली, सावकाश, दोन्ही बाजूंनी. मग चष्मा एका हातात ठेवून दुसऱ्या हातानं रुमाल पुन्हा खिडकीशी धरला. "बाबूराव," मी म्हटलं, "मला तर काहीच दिसत नाही."

खोटं एक अक्षर बोलले नाही हं मी!

बाबूरावांनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या चष्म्याकडे बघितलं, मग रुमाल स्वतःच्या डोळ्यांपाशी नेला. "मलाही नाही," ते साहेबांना म्हणाले आणि रुमालाची घडी घालून माझ्या हातात दिली.

वैशाखात आमचं लग्न झालं. पालघरला कोळगावच्या वाटेवर एका वाडीत भाड्याची खोली घेतली. नळ नाही, विहीर. पाणी शेंदताना चष्मा विहिरीत पडेल म्हणून मी तो दोऱ्यानं बांधायचे. पहिल्याच आठवड्यात ह्यांची ट्रंक आवरताना तळाशी तसेच आणखी तीन रुमाल सापडले. उजेडात धरले, तर कात्री अगदी भिंतींच्या रेघेवरून चालवलेली, कुठे एक सूतही इकडे-तिकडे नाही!

मी रुमाल घेऊन समोर उभी राहिले. "अहो, आता तरी खरं सांगा. शीट चुकून धुतलीत, की मुद्दाम?"

हे बोटांना लिंबू चोळत बसले होते. वर न बघता म्हणाले, "काय विचारतेस? तूच सांगितलंस ना बाबूरावांना, काहीच दिसत नाही म्हणून?"